गणितातले शब्द पक्के कसे करून घ्यावेत: सहावी ते आठवीसाठी टप्प्याटप्प्याने

सहावी-सातवीतल्या मुलाला मूळ संख्येची व्याख्या विचारा. घडाघडा म्हणून दाखवेल: ज्या संख्येला १ आणि ती संख्या असे दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. मग लगेच विचारा, ५१ मूळ आहे का? बरेचदा उत्तर येतं, हो. आणि १? पुन्हा हो. व्याख्या पाठ झालेली असते, शब्द कळलेला नसतो.

चूक बहुधा एकाच जागी होते, ती म्हणजे क्रमात. आधी व्याख्या पाठ करून घेतली जाते आणि वेळ उरलाच तर उदाहरण दाखवलं जातं. खालच्या पद्धतीत व्याख्या सातव्या टप्प्यावर येते. घरी पालकांना, शिकवणी घेणाऱ्यांना, वर्गात शिक्षकांना, कुणालाही ती वापरता येईल. शब्द बालभारतीच्या पुस्तकांतले घेतले आहेत. सेमी इंग्रजीत शिकणाऱ्यांसाठी वेगळा भाग शेवटाकडे आहे, पण थेट तिथे उडी मारू नका.

## आधीची तयारी

मुलाचं पाठ्यपुस्तक, एक शंभर पानी वही, कंपास पेटी आणि रद्दीचे पाठकोरे कागद एवढं पुरे. गाइड सध्या कपाटात राहू द्या. गाइडमध्ये शब्दांची यादी तयार मिळते खरी, पण शब्दाशेजारी त्याची आकृती आणि गणित नसतं. पाठ्यपुस्तकात शब्द जिथे पहिल्यांदा भेटतो, तिथेच तो काय काम करतो हे दिसतं.

वहीत एका पानावर एकच शब्द घ्यायचा. पानाचे उभे-आडवे चार भाग करा. वरच्या दोन भागांत 'हे आहे' आणि 'हे नाही', खालच्या दोनांत 'आकृती किंवा चिन्ह' आणि 'माझ्या शब्दांत'. व्याख्येसाठी पानाच्या तळाला तीन ओळी मोकळ्या सोडा. त्या बरेच दिवस रिकाम्या दिसतील, दिसू द्या.

आठवड्याला पाच-सहा शब्दांच्या वर जाऊ नका.

सावधान: जोडीचे शब्द एकाच दिवशी शिकवू नका. कोटिकोन (बेरीज ९०°) आणि पूरक कोन (बेरीज १८०°) एकत्र शिकवले की मुलाला दोन्ही आकडे आठवतात, कुठला कुणाचा ते आठवत नाही. आधी एक पक्का करा, आठवडाभराने दुसरा आणा, आणि त्यानंतरच दोघांना शेजारी बसवा. एकरूप-समरूप, लसावि-मसावि, समचलन-व्यस्तचलन, परिमिती-क्षेत्रफळ या जोड्यांनाही हेच लागू.

## टप्पा १: शब्द वेचा आणि तीन गटांत वाटा

प्रकरण शिकवून होण्याची वाट पाहू नका. ते सुरू होण्याआधी मुलाला पेन्सिल घेऊन प्रकरण चाळायला सांगा आणि गणिती वाटतील त्या शब्दांखाली रेघ मारायला लावा. मग त्या शब्दांचे तीन गट करा.

पहिला गट ओळखीच्या शब्दांचा. ते घरात जसे वापरतो तसेच गणितात येतात: बेरीज, उंची, नफा, तोटा. यांवर वेळ घालवू नका.

दुसरा गट पूर्ण नव्या शब्दांचा: सहगुणक, छेदिका, शिरोलंब, बहुलक. हे अवघड दिसतात, पण 'मला येत नाही' हे मुलाला निदान ठाऊक असतं.

तिसरा गट खरा त्रासदायक. यातले शब्द रोजच्या बोलण्यात आहेत, मात्र गणितात त्यांचं काम वेगळं आहे. 'चल' म्हणजे निघ नव्हे, ज्याची किंमत बदलू शकते असं अक्षर. 'पद' म्हणजे हुद्दा नव्हे. 'घात' करायला इथे कुणी शत्रू लागत नाही. 'अंश' अपूर्णांकात वर बसतो आणि कोन मोजायलाही येतो. 'कंस' म्हणजे गणित सोडवताना आधी सोडवायचा तो, आणि वर्तुळाचा तुकडाही कंसच. 'कर्ण' काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू असतो, चौकोनात मात्र समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारा रेषाखंड. या गटातल्या शब्दाला मूल कधीच अडत नाही, कारण आपल्याला तो येतो अशी त्याची खात्री असते. म्हणून हा गट आधी हातात घ्या.

तपासणी: तिसऱ्या गटातल्या प्रत्येक शब्दाचं एक वाक्य घरातलं आणि एक गणितातलं, असं मुलानं सांगावं. दोन्ही वाक्यांत अर्थ एकच निघाला तर शब्द अजून कच्चा आहे.

## टप्पा २: शब्द फोडून पाहा

मराठीतल्या गणिताची ही मोठी सोय आहे आणि ती फुकट जाते. समद्विभुज म्हणजे सम, द्वि, भुज: दोन बाजू सारख्या. लंबदुभाजक म्हणजे लंबही आणि दोन सारखे भाग करणाराही. परिवर्तुळ त्रिकोणाच्या भोवती, अंतर्वर्तुळ आत.

लसावि आणि मसावि मात्र सावकाश फोडा. लसावि म्हणजे लघुत्तम साधारण विभाज्य, मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. १२ आणि १८ चा लसावि ३६ येतो आणि मसावि ६. 'लघुत्तम' मोठा आणि 'महत्तम' छोटा कसा, इथे मूल हमखास गोंधळतं. काहीजण उत्तरं बरोबर काढून शेवटी अदलाबदल करतात, कारण 'लघुत्तम म्हणजे लहान असणारच'. त्यावर उपाय म्हणून नजर पहिल्या शब्दावरून काढून शेवटच्या शब्दावर न्यायची. विभाज्य म्हणजे ज्याला भाग जातो ती संख्या. १२ चे विभाज्य १२, २४, ३६ असे वाढत जातात, १८ चे १८, ३६, ५४ असे. दोन्ही याद्यांत येणारा सगळ्यांत लहान विभाज्य ३६. विभाजक म्हणजे जो भाग घालवतो तो, म्हणजे १२ चा विभाजक १२ च्या पुढे जाऊच शकत नाही. दोघांचा सामाईक असा सगळ्यांत मोठा विभाजक ६. दोन्ही याद्या मुलाच्या हातानं लिहून होऊ द्या. सूत्र नंतर.

सावधान: फोड नेहमी पुरत नाही. 'समलंब' चौकोन फोडून हाती फारसं लागत नाही, तिथे आकृतीच हवी. 'समभुज त्रिकोण' म्हटलं की तिन्ही कोनही सारखे, पण 'समभुज चौकोन' म्हटलं की कोन सारखे असतीलच असं नाही. पूर्ण संख्या, पूर्णांक संख्या आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांक या तिघांत 'पूर्ण' आहे, तरी तिघं वेगळे. पूर्ण संख्या शून्यापासून पुढे, पूर्णांकांत उणे संख्याही आल्या, आणि तिसरा तर अपूर्णांकच.

## टप्पा ३: 'हे आहे' आणि 'हे नाही'

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बाकीचे टप्पे घाईत उरकले तरी चालेल, हा नको.

पुन्हा मूळ संख्या घेऊ. कागदाच्या चिठ्ठ्यांवर १, २, ९, १७, ५१, ५७, ९१, ९७ लिहा आणि मुलाला दोन ढीग करायला सांगा. प्रत्येक चिठ्ठी ठेवताना 'का?' विचारा. २ सम आहे म्हणून मूळ नाही, असं ऐकायला मिळेल. ९ विषम आहे म्हणून मूळ, असंही. म्हणजे मुलाच्या डोक्यात 'मूळ म्हणजे विषम' असा अर्थ बसला आहे, आणि व्याख्या म्हणून घेतल्यानं तो कधीच उघडा पडला नसता. ५१ म्हणजे ३ × १७, ५७ म्हणजे ३ × १९, ९१ म्हणजे ७ × १३. या तिन्ही चिठ्ठ्या मुद्दाम घातलेल्या आहेत. १ ची चिठ्ठी शेवटी घ्या: तिचे विभाजक मोजायला लावा. एकच निघतो. म्हणून १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

भूमितीत 'हे नाही' आणखी मोलाचं ठरतं, कारण पुस्तकात आकृत्या बहुधा सरळ उभ्या काढलेल्या असतात. कागद फिरवा. चौरस टोकावर उभा केला की मुलं त्याला पतंग म्हणू लागतात. विशालकोन त्रिकोण काढा आणि लघुकोनाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर शिरोलंब टाकायला सांगा. लंब त्रिकोणाच्या बाहेर पडला की 'सर, चुकलं' म्हणतील. चुकलेलं नाही. समोरची बाजू वाढवावी लागते, एवढंच. हे हातानं एकदा केलं की उंची म्हणजे 'आतली उभी रेघ' ही समजूत जाते.

समभुज चौकोनासाठी तिरकी कापलेली शंकरपाळी हातात द्या. बाजू सारख्या, कोन नाहीत. मग विचारा: प्रत्येक चौरस समभुज चौकोन असतो का? असतो. प्रत्येक समभुज चौकोन चौरस असतो का? नसतो. प्रत्येक चौरस आयत असतो का? इथे वाद होईल. होऊ द्या, आणि बाजू-कोन मोजूनच मिटवा.

परिमिती आणि क्षेत्रफळ वेगळे करायचे तर चौकटीच्या कागदावर २४ चौकटींचे वेगवेगळे आयत काढायला सांगा. ६ × ४ ची परिमिती २०, ८ × ३ ची २२, १२ × २ ची २८. क्षेत्रफळ तेच, परिमिती बदलत गेली. ज्यानं हे एकदा रंगवून पाहिलं, तो कुंपणाच्या गणितात लांबी-रुंदीचा गुणाकार सहसा करत नाही.

तपासणी: मुलानं स्वतःचं एक 'हे नाही' उदाहरण काढून दाखवावं, आणि तेही अगदी थोडक्यात हुकलेलं. 'टेबल ही मूळ संख्या नाही' असलं उदाहरण चालणार नाही.

## टप्पा ४: चिन्ह मोठ्यानं वाचा

मनात वाचताना चूक लपते. ३.१२ आणि ३.५ यांत मोठी संख्या कोणती? 'तीन दशांश बारा' असं वाचणारा मुलगा बारा पाचापेक्षा मोठा म्हणून ३.१२ म्हणतो. दशांश चिन्हानंतरचे अंक सुटे वाचायची सवय लावा: तीन दशांश चिन्ह एक दोन. दुसरी संख्या ३.५० अशी लिहून पाहिली की उरलेली शंका फिटते.

२³ हे 'दोनचा घन' किंवा 'दोनचा तिसरा घात' असं वाचावं. 'दोनवर तीन' असं वाचणाऱ्यांचं उत्तर अनेकदा ६ येतं. (−३) − (−५) वाचताना संख्येच्या चिन्हाला 'उणे' आणि क्रियेला 'वजा' म्हणा: उणे तीन वजा उणे पाच. दोन्हीकडे 'मायनस' म्हटलं की कुठलं चिन्ह संख्येचं आणि कुठलं क्रियेचं ते कळेनासं होतं.

घरातले अपूर्णांकही इथेच आणा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आजी रोज वापरते आणि नातवाला ते गणित वाटत नाहीत. 'पावणे' म्हणजे पाव उणे, म्हणून पावणेदोन म्हणजे १ ३/४. कित्येक मुलं २ ३/४ लिहितात. सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. भाजी आणताना हे विचारत राहिलात तर वेगळा तास लागणार नाही.

सावधान: ३/४ 'तीन छेद चार' असं वाचलं की क्रम वरून खाली येतो. 'चारांपैकी तीन' म्हटलं की चार आधी ऐकू येतो आणि मूल ४/३ लिहून मोकळं होतं. दोन्ही रूपं बोलून, लिहून घ्या.

## टप्पा ५: वाक्याचं चिन्हात, चिन्हाचं वाक्यात

मराठीत सगळं काम प्रत्यय करतात. आकडे तेच ठेवून प्रत्यय बदला आणि मुलाला लिहायला सांगा:

'क्ष मधून ७ वजा करा' म्हणजे क्ष − ७.
'७ मधून क्ष वजा करा' म्हणजे ७ − क्ष.
'२४ ला ८ ने भागा' म्हणजे ३. '८ ला २४ ने भागा' म्हणजे १/३.
'क्षची तिप्पट आणि ४ यांची बेरीज' म्हणजे ३क्ष + ४.
'क्ष आणि ४ यांच्या बेरजेची तिप्पट' म्हणजे ३(क्ष + ४).

शेवटच्या दोन ओळींवर रेंगाळा. 'यांच्या बेरजेची' असं आलं की आधीचं सगळं कंसात जातं. मुलाला 'यांच्या' या शब्दाखाली रेघ मारायला लावा आणि तिथपर्यंतचा कंस पेन्सिलीनं काढायला सांगा. 'भाव ४० रुपयांनी वाढला' आणि 'भाव ४० रुपयांवर गेला' यांतला फरकही याच रांगेतला.

आता उलट दिशेनं. ५(म − २) हे वाक्यात सांगा. 'म मधून २ वजा करून येणाऱ्या संख्येची पाचपट' हे वाक्य सहज बाहेर पडायला थोडे दिवस लागतात.

## टप्पा ६: शाब्दिक उदाहरणात शब्द उतरवा

एक घातक युक्ती सगळीकडे शिकवली जाते: 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. हे गणित पाहा. मीनाकडे १२ चिंचोके आहेत. ते रवीकडच्या चिंचोक्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. रवीकडे किती? युक्तीनं १७ येतात, खरं उत्तर ७. उपाय म्हणजे आकड्यांना हात लावण्याआधी वाक्य दुसऱ्या बाजूनं बोलायला लावायचं: रवीकडे मीनापेक्षा ५ कमी.

व्यवहाराच्या गणितात प्रत्येक टक्क्याला 'कशाचे?' हा प्रश्न विचारा. शेकडा नफा नेहमी खरेदी किमतीवर, सूट नेहमी छापील किमतीवर. दुकानदारानं ४०० रुपयांना घेतलेल्या वस्तूवर ५०० छापलं आणि १० टक्के सूट दिली. सूट ५०, विक्री किंमत ४५०, नफा ५०. शेकडा नफा ५० भागिले ४००, म्हणजे साडेबारा. इथे ५० ला ४५० किंवा ५०० ने भागणारी मुलं नफ्याची व्याख्या बिनचूक म्हणून दाखवतात.

'द.सा.द.शे.' दिसलं की पूर्ण म्हणा: दर साल दर शेकडा. द.सा.द.शे. ८ म्हणजे दर शंभर रुपयांना दर वर्षी ८ रुपये. ५००० रुपयांवर ३ वर्षांचं सरळव्याज १२०० आणि रास ६२००. रास म्हणजे मुद्दल अधिक व्याज. प्रश्नात रास विचारलेली असते आणि उत्तरपत्रिकेत १२०० लिहिलेले असतात, ही दरवर्षीची गंमत.

## टप्पा ७: आता व्याख्या

पानाच्या तळाच्या तीन ओळी आता भरा. आधी मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहावं, मग पुस्तकातली व्याख्या शेजारी ठेवून पाहावं की आपल्यात काय सुटलं. 'समांतर रेषा म्हणजे एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा' असं लिहिलं असेल तर 'एकाच प्रतलातल्या' हे सुटलं आहे. खोलीच्या छताची एक कड आणि तिच्या दिशेला काटकोनात जाणारी फरशीची कड दाखवा. त्या छेदत नाहीत, पण समांतरही नाहीत. आता ते दोन शब्द व्याख्येत कशासाठी आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुस्तकातली व्याख्या परीक्षेसाठी पाठ करायची असेल तर ती इथे करा.

## सेमी इंग्रजीवाल्यांसाठी

आधीचे टप्पे मराठीतूनच करा आणि इंग्रजी शब्द पानाच्या कोपऱ्यात देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहा. फॅक्टर, मल्टिपल, काँग्रुअंट, सिमिलर यांची जोडी विभाजक, विभाज्य, एकरूप, समरूप यांच्याशी लावून द्या. 'राइट अँगल'मधला राइट म्हणजे बरोबर नव्हे आणि 'प्रॉडक्ट' म्हणजे दुकानातली वस्तू नव्हे. तिसऱ्या गटाचे शब्द इंग्रजीतही असतात.

खरी अडचण शब्दक्रमाची. मराठीत 'क्ष मधून ७ वजा' असा क्रम, जसा लिहायचा तसाच. इंग्रजीत 'सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम एक्स', आणि सात आधी. ऐकलेल्या क्रमानं लिहिणारं मूल ७ − क्ष लिहितं. 'फ्रॉम' आणि 'दॅन' दिसले की त्यांच्याभोवती गोल काढून वाक्य आधी मराठीत म्हणायला लावा. महिन्याभरात हात बसतो, मग गोल सोडून द्या.

## टप्पा ८: उजळणी

शब्द शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं विचारा. 'व्याख्या सांग' हा प्रश्न टाळा. त्याऐवजी असे विचारा: ८ आणि ९ सहमूळ आहेत, मग दोघांपैकी कुणीच मूळ का नाही? चौकोनातले संमुख कोन आणि दोन रेषा छेदल्यावर होणारे विरुद्ध कोन आकृतीत दाखव. ३क्ष आणि ३क्ष² सरूप पदं का नाहीत?

उत्तर चुकलं तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावू नका. चूक कुठली आहे ते पाहा. ओळखण्यात चुकलं असेल तर टप्पा ३ ला जा, वाचण्यात चुकलं तर ४ ला, मांडणीत चुकलं तर ५ ला. मूल उत्तर बरोबर देतं पण कारण सांगता येत नाही, अशा वेळी बरोबरची खूण करू नका. तो शब्द पुढच्या आठवड्याच्या यादीत पुन्हा घाला, आणि त्या आठवड्यात नवा एक शब्द कमी घ्या.